क्रेनॉकचे मागचे पाय

क्लीथॉर्प्स, १८ सप्टेंबर १९८४

डॉरीन,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते मुद्दाम गाळलं आहे.

काल रात्री हेरिंग पबच्या वरच्या खोलीत आपल्या विज्ञानकथा मंडळाची सभा झाली आणि प्रचंड बहुमताने ठराव झाला: आपल्या चित्रपटातून तुझ्या पायांचे सर्व अतिरिक्त उद्योग कापून टाकावेत आणि तेवढे प्रसंग नव्याने चित्रित करावेत. ठराव मी मांडला. आडपडदा ठेवत नाही.

लिंकन शहरातल्या खेळात काय झालं ते तू पाहिलं नाहीस. त्याआधीच, जूनमध्ये, तू नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे हल शहरात निघून गेली होतीस. म्हणे बेकरीत नोकरी मिळाली. आमच्या गावात काय पाव भाजत नाहीत? असो. पडद्यावर आपला मूकपट चालू आणि पडद्याशेजारी माइक धरून मी. परग्रहावरचा जीव, आपला क्रेनॉक, माणसाला सांगतो आहे की बाबांनो, तुमच्या बाँबचा उजेड आमच्या आकाशातून दिसतो, शहाणे व्हा! ते भाषण मी दोन वर्षं घासलं होतं. आणि लोक हसत होते. आधी खुसखुस, मग खदाखदा. पुढच्या रांगेतली एक बाई तर डोळे पुसत होती. मला वाटलं, हीच ती जनता, जी पेटत्या घरात बसून विनोद ऐकते! मी आवाज चढवला. ते अजून हसले.

दुसऱ्या दिवशी पेलला म्हटलं, मला दाखव काय ते. कॅमेरा त्याचा, जुळणी त्याची. चित्रपट तयार झाल्यावर मी पडद्याकडे कधी पाहिलंच नव्हतं, माझी पाठ असायची. पाहिलं. मी पुढे मानवजातीला बजावतो आहे आणि मागचे दोन पाय घोट्यावर घोटा टाकून बस यायची वाट पाहिल्यासारखे उभे! मी 'विनाश' म्हणतो आणि डावा पाय उजव्या पोटरीला खाजवतो. पेल आणि बॅसिल ते दोन विज्ञानवेडे होऊन माझ्यापुढे येतात आणि 'या गुरुत्वाकर्षणात तुझे गुडघे टिकणंच शक्य नाही' असं मला पुस्तक उघडून सिद्ध करून दाखवतात, तो तर सगळ्या कथेचा करुण गाभा. तिथे तुझे गुडघे हळूच वाकून तपासून बघतात!

क्रेनॉक-जीवशास्त्र आपण सर्वांनी मिळून संमत केलं आहे. परिशिष्ट तीन: या जमातीला विनोदबुद्धी नाही. अनुमोदन तुझं होतं, डॉरीन. मग?

मिसेस ॲपलयार्ड सँडविचेस घेऊन आल्या होत्या, सभासद नसूनही बोलल्या. "अरे सिरिल, त्या प्राण्याला डोकं एक आणि पाय चार. एखाद्या पायाला कळला असेल विनोद."

पेल म्हणाला, "परिशिष्टात तशी तरतूद नाही."

"मग तुझ्या परिशिष्टाला लोणचं लाव आणि खा," म्हणाल्या आणि ताट उचलून खाली गेल्या. सँडविचेससकट.

अकरा वर्षं त्या हिरव्या कातड्यात आपण दोघं शिरत आलो. मी पुढे, तू मागे, वाकून, माझा पट्टा धरून. आणि तू माझ्या पाठीमागे हे करत होतीस. दगा याहून वेगळा नसतो.

सोबत वर्तमानपत्रातलं कात्रण पाठवतो, तुझ्याकडे नसेल. शेवटच्या दिवशी पुळणीवर तो वार्ताहर आला होता ते आठवतं? फोटो उत्तम आला आहे. मी डोकं काढून काखेत धरलं आहे. मुलाखत जरा लांबली खरी, पण माणूस वाचलेला होता, प्लेटोपासून सुरुवात झाली. 'मागे कोण आहे?' असं त्याने विचारलं आणि मी म्हटलं, 'मागचे पाय.' ते त्याने छापलंसुद्धा. तुझे पाय फोटोत अगदी स्पष्ट आहेत. भरती सुरू झाली होती, त्यामुळे ते घोट्यापर्यंत पाण्यात आहेत. माझ्या बाजूला वाळूचा उंचवटा होता.

तुझा भाऊ (अजून तरी),
सिरिल


क्लीथॉर्प्स, १५ ऑक्टोबर १९८४

डॉरीन,

उत्तर नाही. ठीक आहे. इतिहासात ज्यांची बाजू लंगडी होती ते नेहमी गप्पच राहिले.

चित्रीकरण झालं. तुझ्या जागी पेल, कॅमेऱ्यावर बॅसिल. ओहोटी लांबवर गेलेली, सगळा चिखल चकाकत होता, हुबेहूब परका ग्रह. मी भाषणाला सुरुवात केली. 'अंधाराचे समुद्र ओलांडून मी एकटा आलो आहे' इथपर्यंत आलो, तर मागून आवाज:

"सिरिल, मला बाहेर काढ."

"थांब, चालू आहे."

"श्वास घेता येत नाही रे. बाहेर कुठून पडायचं?"

"पुढून. आधी मी निघायचं, मग तू. रचनाच तशी आहे."

"मग निघ ना मेल्या!"

मी वाक्य पूर्ण केलं. अर्धवट वाक्य म्हणजे अर्धवट माणूस, असं आपले बाबा म्हणत. मग डोकं उतरवलं, बटणं काढली, निघालो; पेल माझ्या मागून चिखलात पडला तो उताणा. तोंड बीटासारखं लाल. बॅसिलने त्याला थरमासातला चहा पाजला. अर्धा पेला झाल्यावर पेलने विचारलं, "डॉरीन कशी राहायची रे आत?"

मी म्हटलं, तिला सवय होती.

पेलने उरलेला चहा चिखलात ओतून दिला. हल्लीची माणसं नाजूक झाली आहेत. पण पुढच्या रविवारी पेल पुन्हा आत गेला आणि त्याने पाय खांबासारखे उभे ठेवले. परिशिष्टाबरहुकूम. आता कोण हसतो ते पाहू.

सिरिल


क्लीथॉर्प्स, १३ नोव्हेंबर १९८४

डॉरीन,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला पुलाचं चित्र, मागे 'निळं स्वेटर पाठव. थंडी पडली.' दोन पत्रं लिहिली मी, त्यांतला एकही मुद्दा तू खोडलेला नाहीस. स्वेटर वेगळं पाठवतो आहे. कोपराला विरलं होतं, मिसेस ॲपलयार्डनी रफू करून दिलं.

नव्या जुळणीचा खेळ शनिवारी चॅपलच्या हॉलमध्ये झाला. कोणी हसलं नाही.

हे मी विजय म्हणून लिहायला बसलो होतो. डॉरीन, कोणी काहीच केलं नाही. मी बाबांच्या प्रवचनाच्या आवाजात बोललो, ज्या आवाजाने याच हॉलमध्ये मासेमार रडायचे. लोक कोटाची बटणं चाळवत होते. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा घोरायला लागला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला ढोसलं, आणि सबंध संध्याकाळभरात हॉलमध्ये तेवढीच काय ती हालचाल झाली.

ईस्टरला लीड्सला विज्ञानकथाप्रेमींचं राष्ट्रीय संमेलन आहे, तिथलं आमंत्रण आपल्याला लिंकनच्या खेळावरून आलेलं होतं. त्यांची एक बाई हा खेळ पाहायला आली होती. मोठा चष्मा, दोन पिशव्या भरून पुस्तकं. दिवे लागल्यावर मला म्हणाली, "मिस्टर ओल्डरॉइड, ते पाय कुठे गेले?"

मी तिला परिशिष्ट समजावलं.

"ते सगळं बरोबर आहे हो. पण आम्ही त्या पायांना बोलावलं होतं."

आमंत्रण मागे घेतलेलं नाही. 'विचार करून कळवा' म्हणाली. बाहेर मिसेस ॲपलयार्ड छत्री उघडत होत्या. त्यांना वाटलं मी त्यांना घरी सोडायला आलो. वाटेत म्हणाल्या, "लिंकनला तुझ्या भाषणातलं मला अजून आठवतंय बघ. आकाशातून उजेड दिसतो ते. आज काय म्हणालास, काही आठवत नाही."

"शब्द तेच होते, मिसेस ॲपलयार्ड. एकही बदलला नाही."

"असेल. पण तेव्हा आम्ही हसत होतो, म्हणून कान उघडे होते."

हे मी तुला का कळवतो आहे, ते मला सांगता यायचं नाही.

सिरिल


क्लीथॉर्प्स, २ डिसेंबर १९८४

प्रिय डॉरीन,

कापलेल्या फिती पेलने फेकल्या नव्हत्या. बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवल्या होत्या. "ठरावात 'कापून टाकावेत' म्हटलंय, 'नष्ट करावेत' नाही," असं म्हणून त्याने डबा माझ्या हातात ठेवला. नियमाला धरून राहणाऱ्या माणसाबद्दल मी आजवर जे जे बोललो ते परत घेतो.

स्वयंपाकघरातल्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला. कॅलेंडर काढलं. एकेक फीत चालवली, आवाज नाही, माझं भाषण नाही. प्रथमच मी बोलत नसताना तो प्राणी पाहिला.

पुढचा भाग हातवारे फार करतो, डॉरीन. मला कोणी सांगितलं नाही. दोन्ही पंजे वर, खाली, वर. जणू रेल्वेला थांबवतो आहे. मागचे पाय मात्र ऐकत असतात. खरंच ऐकत असतात! त्या दोन विज्ञानवेड्यांपैकी बॅसिल बोलला की टाच त्याच्याकडे वळते, पेल बोलला की पेलकडे. कंटाळा येतो तेव्हा दमलेल्या बाईसारखा भार या पायावरून त्या पायावर. लोक हसले ते यालाच. हा परका प्राणी आपल्यासारखाच आहे, हे त्यांना त्या पायांवरून कळलं. मी सांगून कळलं नव्हतं.

आणि मग ती फीत. 'अंधाराचे समुद्र ओलांडून मी एकटा आलो आहे.' तिथे मागचा उजवा पाय उचलला जातो, पुढे येतो आणि पुढच्या पोटरीवर पावलाने हळूच थोपटतो. एकदा. दोनदा. आणि परत जागेवर.

ते मला त्या दिवशी जाणवलं होतं. मला वाटलं तू अडखळलीस. भाषण संपल्यावर मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. 'नीट उभं राहता येत नाही का तुला?'

ती फीत मी पुन्हा पुन्हा चालवली. मग दिवा तापला, वास यायला लागला, बंद केलं.

कात्रण पाठवायला नको होतं.

सिरिल


क्लीथॉर्प्स, २९ डिसेंबर १९८४

प्रिय डॉरीन,

परवा मी हल शहरात आलो होतो. तुला भेटलो नाही.

मिसेस ॲपलयार्डना तू नाताळचं कार्ड पाठवलंस, त्यात लिहिलं होतंस की बेकरीजवळच्या पॅरिश हॉलमध्ये मुलांचं नाताळ-नाटक आहे आणि तू गाय आहेस. त्यांनी ते मला वाचून दाखवलं आणि वर म्हणाल्या, "बस साडेदहाला सुटते. डोकं वापर आणि तोंड घरी ठेव."

मी शेवटच्या बाकावर बसलो, मफलर नाकापर्यंत. दोन माणसांची गाय आली आणि मी पाहताक्षणी ओळखलं तू कुठे आहेस. मला वाटलं होतं, मला सोडून गेल्यावर तू पुढे गेली असशील. तू मागेच होतीस. त्या गायीच्या मागच्या पायांना बँडची लय आवडत होती आणि पुढच्यांना ती मुळीच पटत नव्हती. शेजारच्या पोरीच्या हसण्याने तिच्या हातातलं आइस्क्रीम माझ्या बुटावर पडलं. मग तो दुष्ट जमीनदार गायीला चोरायला मागून दबकत आला आणि अख्खा हॉल उभा राहून ओरडायला लागला, "मागे बघ! मागे बघ!" दरवर्षी ओरडतात, प्रत्येक गावात ओरडतात. मीही लहानपणी ओरडलो आहे. त्या दिवशी मात्र मला वाटलं, सगळी पोरं माझ्याकडे बघून ओरडताहेत.

नाटक संपल्यावर गाय नमस्काराला आली. पुढच्या माणसाने डोकं काढलं. टकला, जाडा, कसाई असावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी असतो तर दोन शब्द बोललो असतो. त्याने काय केलं? तो वळला. गायीच्या पोटावरची बटणं सोडली, हात आत घातला आणि तुला ओढून बाहेर काढलं. आणि स्वतः दोन पावलं मागे सरकला.

निळं स्वेटर घामाने काळं झालं होतं. केस कपाळाला चिकटलेले. तू डोळे मिचकावत होतीस, उजेडाची सवय नसल्यासारखी. आणि काय टाळ्या पडल्या, डॉरीन! माझ्या शेजारची ती पोरगी बाकावर उभी राहिली. तू हसत होतीस.

अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी न्यायावर बोललो, समतेवर बोललो, खाणकामगारांच्या सभेत गाडीवर चढून बोललो. बाबा व्यासपीठावरून गरजत असत तेव्हा ऑर्गनच्या मागे बसून त्याचा भाता कोण ओढायचं, ते मला माहीत होतं. आठवड्यातून एकदा तुझ्या तळहातांना फोड यायचे आणि आई लोणी लावायची. मला माहीत होतं आणि मी त्यावर कधी बोललो नाही. इतका बोलणारा माणूस मी.

दिवे लागायच्या आत मी निघालो. तुझा तो क्षण होता, त्यात मला शिरायचं नव्हतं. की भीती वाटली? दोन्ही असेल. बस चुकली. पुलाच्या या टोकापर्यंत चालत आलो.

सिरिल


क्लीथॉर्प्स, २४ फेब्रुवारी १९८५

प्रिय डॉरीन,

पोशाख माळ्यावरून काढला. दार लावून घेतलं आणि मागच्या भागात शिरलो.

आत काय आहे ते तुला सांगणं म्हणजे मूर्खपणा. तरी लिहितो. रबराचा आणि जुन्या घामाचा वास. दिसत काहीच नाही. वाकल्यावर बरगड्या पोटात रुततात. मी दिवाणखान्यात दोन फेऱ्या मारल्या, टेबलाला धडकलो, आणि मग बाहेर पडू म्हटलं तर पडता येईना. हाताला शिवण लागत होती, नुसती शिवण. बटणं सगळी पुढच्या माणसाच्या छातीवर. ती शिवण मी मारली आहे, आईच्या मशीनवर, दुहेरी टाके घालून. मजबूत झाली म्हणून तुला दाखवलीही होती. मागच्या माणसाला दारच ठेवलं नव्हतं मी. मी निघालो तर तू निघणार. मी वार्ताहराशी प्लेटोवर बोलत राहिलो तर तू वाकलेली राहणार, आणि पाणी चढत राहणार.

रिकाम्या पुढच्या भागातून सरपटत शेवटी बाहेर आलो. जमिनीवर बसलो.

आता व्यवहाराचं. चित्रपट जसा होता तसा पुन्हा जोडला आहे. सभेत मी माझाच ठराव मागे घेतला. पेलने विचारलं, "परिशिष्ट तीनचं काय?" मी म्हटलं, परिशिष्ट लिहिणाऱ्याला विनोदबुद्धी नव्हती. ते इतिवृत्तात घेतलं आहे. सुरुवातीच्या पाटीवर तुझं नाव आहे, माझ्या आधी.

ईस्टरच्या शनिवारी लीड्सला खेळ आहे आणि संध्याकाळी वेषभूषांची मिरवणूक. त्यात क्रेनॉकचं नाव दिलं आहे. मागचे पाय मी होणार. पुढचा भाग रिकामा आहे. तू यावंस असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा हक्क मी घालवला. फक्त कळवतो की तो रिकामा आहे आणि दुसऱ्या कोणालाही देणार नाही. आलीस तर हवं ते बोल. काही बोलली नाहीस तरी मी मागे उभा असेन.

शिवण उसवली आहे. मिसेस ॲपलयार्ड मागच्या बाजूला चेन लावून देताहेत. आतून उघडते.

सिरिल


क्लीथॉर्प्स, ९ एप्रिल १९८५

प्रिय डॉरीन,

तू आली नाहीस. तक्रार नाही, फक्त काय झालं ते सांगतो. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

चित्रपटाला लोक तसेच हसले, लिंकनसारखे. मी माइक घेतला नाही. भाषण बॅसिलने वाचलं, मी शेवटच्या रांगेत बसून पडद्याकडे पाहिलं. थोपटण्याच्या त्या जागी हॉल आधी हसला आणि मग एकाएकी शांत झाला. ती शांतता मी आयुष्यभर शोधत होतो. तुला ती एका पावलात सापडली.

मिरवणुकीच्या वेळी पडद्यामागे मी वाट पाहिली. आमचं नाव पुकारलं. पेल म्हणाला, "मी येऊ का पुढे?" त्याला आत गुदमरतं, तरी म्हणाला. मी नको म्हटलं.

तर मी मागचे पाय घालून एकटाच रंगमंचावर गेलो. क्रेनॉकचं डोकं, पंजे, सगळा पुढचा भाग माझ्या पुढे जमिनीवरून घासत होता. लोक हसायला लागले. मी तुझ्यासारखी टाच वळवून पाहिली. जमलं नाही, पडता पडता वाचलो, ते अजून हसले. आतून ते हसणं किती जवळ येतं गं! पुढे उभं राहिल्यावर नुसता स्वतःचाच आवाज येतो. अर्ध्या वाटेवर मी थांबलो. का कोण जाणे, उजवा पाय पुढे केला आणि पुढच्या रिकाम्या पायावर थोपटलं. कापड होतं नुसतं. हसणं हळूहळू थांबलं.

मग चेन उघडली आणि मागून बाहेर आलो. उजेडाने डोळे दिपले. समोर सातआठशे माणसं, आणि सूत्रधार माझ्यासमोर माइक धरून, "मिस्टर ओल्डरॉइड, दोन शब्द?" बाबांचा मुलगा मी. मला एकही शब्द सापडला नाही. मी रांगांमधून निळं स्वेटर शोधत उभा राहिलो, आणि मग क्रेनॉकचं डोकं जमिनीवरून उचलून, मान सरळ करून, लोकांकडे तोंड करून धरलं. तेवढंच केलं.

घरी आलो तर दाराच्या फटीतून आत पडलेलं तुझं कार्ड. पुन्हा पुलाचंच चित्र. 'शनिवारी बेकरीत ईस्टरची गर्दी होती. नाव आधी लावलंस असं मिसेस ॲपलयार्डनी लिहिलं. गुडघे वाकव, कंबर नको.'

पोशाख दिवाणखान्यात खुंटीला टांगला आहे, दोन्ही बाजूंनी उघडतो. रोज संध्याकाळी थोडा वेळ मागे शिरून गुडघे वाकवायला शिकतो आहे.

पाठ अजून धरलेली आहे. लीड्सच्या त्या एका संध्याकाळची. अकरा वर्षं, डॉरीन.

सिरिल